वरचा एक रुपया

मंदीत पगार वाढला तर माणसानं काय करावं? शहाणा माणूस देवाला नारळ फोडतो. हर्षद देऊळगावकरानं आधी केबिनचं दार नीट लागलंय का ते पाहिलं, मग पाकीट उजेडाकडे धरून आत दुसरा कागद तर नाही ना ते पाहिलं, आणि मग मालकाच्या डोळ्यांत पाहिलं.

"सहा हज़ार बढ़ाए, हर्षद साब," श्रीनिवास गारू, म्हणजे तेलुगूतले श्रीनिवासराव, म्हणाले. "मगर किसी को बोलना नक्को. बिल्कुल नक्को."

तिथंच हर्षदनं पाकीट पुन्हा एकदा उलटं करून झटकलं.

हे ऑफिस नारायणगुड्यात, एका पाचमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. काम असं की सातासमुद्रापलीकडचे डॉक्टर रोग्याला तपासून बोलतात, ते इकडे कानात हेडफोन घालून ऐकायचं आणि टायपायचं. हात कळफलकावर, आणि पायाखाली शिवणयंत्रासारखं पेडल. ते दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प बसतो. बायकोच्या बाबतीत अशी सोय असती तर, असं ऑफिसातला प्रत्येक पुरुष एकदा तरी म्हणून गेला होता, आणि शेजारच्या टेबलावरच्या तेजश्रीनं प्रत्येकाला त्याचं उत्तर दिलं होतं.

पण मग यंत्रं आपणहूनच ऐकून लिहायला लागली आणि धंद्याला घरघर लागली. समोरच्या इमारतीतलं असलंच ऑफिस एका दुपारी बंद झालं. वरच्या चौथ्या मजल्यावरची मंडळी तर इतक्या घाईनं गेली, की त्यांचं कॉफीचं यंत्र पुढं तीन दिवस दर अकरा वाजता रिकाम्या खोलीत कॉफी करत होतं. खोटं वाटत असेल तर वॉचमनला विचारा. ती तिन्ही दिवस त्यानंच प्यायली.

अशा दिवसांत सहा हजार! आणि वर, कुणाला सांगू नका!

हर्षदला दिलीप हिंगणेकर आठवला. आधीच्या कंपनीतला शेजारचा माणूस. त्याला नोव्हेंबरात वाढ मिळाली, त्यानं अख्ख्या मजल्याला चहा पाजला आणि जानेवारीत टेबल आवरून गेला. का? तर साहेबांनी पगाराप्रमाणे यादी लावली होती, सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात वर, आणि कात्री वरूनच लागते. त्या दिवसापासून हर्षदचा एकच सिद्धांत होता: बकरीदच्या महिनाभर आधी जो मालक बकऱ्याला भिजवलेले चणे चारतो, तो काही बकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे.

हर्षदचं वय बावन्न. या धंद्यात पन्नाशीनंतर दुसरी नोकरी देतात ती फक्त स्वप्नात. मुलगी मृण्मयी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. ही नोकरी गेली की गेलीच.

केबिनबाहेर येताना त्यानं चेहरा असा पाडला, की मयताहून आल्यासारखा दिसावा.

आता या ऑफिसची एक रीत होती. ज्याचा पगार वाढला, त्यानं त्याच दिवशी खालच्या इराणी हॉटेलातून सगळ्यांसाठी चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवायची. त्यामुळे कुणाला वाढ मिळाली हे विचारावं लागत नसे. बिस्किटं आली की कळायचं. हर्षद जागेवर बसून वाट पाहू लागला. त्याच्या जोडीचे तिघं. विवेक, तेजश्री आणि मोईनभाई. हे चौघं आधीची कंपनी बुडाल्यावर एकाच दिवशी इथं लागलेले, एकाच पगारावर, आणि आजवर चौघांचा आकडा जुळ्या भावंडांसारखा बरोबरीनं वाढलेला. यांतल्या एकानं जरी बिस्किटं मागवली असती, तरी हर्षदचा जीव भांड्यात पडला असता.

विवेक केबिनमध्ये जाऊन आला. आला तो थेट हर्षदकडे. "हर्षदराव, वीस रुपये आहेत का? पेट्रोलला कमी पडतायत."

तेजश्री जाऊन आली आणि तुटलेल्या चपलेला सेफ्टी पिन लावत बसली. "नवी घ्यायची म्हणजे काय चेष्टा आहे का," असं चपलेलाच म्हणाली.

मोईनभाई जाऊन आला आणि असा उसासा टाकला की टेबलावरचे कागद उडाले. "क्या बोलूँ मियाँ," तो म्हणाला. "ज़माना ख़राब है."

चहा नाही, बिस्किटं नाहीत. हर्षदनं ताडलं: यांना काहीच मिळालेलं नाही. चणे एकट्या आपल्यालाच.

संध्याकाळी काचीगुड्याच्या घरी त्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि मग बायकोला, वंदनाला, सांगितलं.

"अय्या! सहा हजार?" वंदना म्हणाली. "मग तोंड असं का? अहो, दत्ताला पेढे नेऊन ठेवा गुरुवारी."

"हळू बोल. आणि पेढेबिढे काही नाही. या गल्लीत पेढे घेतले की उद्या स्टेशनवरच्या हमालालासुद्धा कळेल."

"कळलं तर काय होईल?"

"मी यादीत वर जाईन. वरच्याला आधी काढतात."

"तुमच्या यादीचं मला सांगू नका. लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनी घड्याळ दिलं, तर तुम्ही घड्याळजीला दाखवून आलात, हे आतून चालू आहे का म्हणून. इतकी भीती आहे तर परत करून या पैसे!"

वंदना टोमणा मारत होती. हर्षदनं तो सल्ला म्हणून घेतला.

बुधवारी सकाळी तो केबिनमध्ये उभा राहिला. "सर, वो छे हज़ार वापस ले लो. मैं जैसा था वैसाच ठीक हूँ."

श्रीनिवास गारूंच्या हातातला पेन खाली पडला. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी वाढ मागणारे पाहिले होते, रडणारे पाहिले होते, एकानं तर टेबलावर चढून मागितली होती. परत करणारा आज पहिलाच. त्यांनी हर्षदकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. अच्छा. म्हणजे याला बाहेरून मोठा आकडा आलेला दिसतो. हिशेब मिटवून मोकळा व्हायला आलाय.

"कम पड़ा क्या?" त्यांनी विचारलं.

"नको सर, कमी नाही, जास्त झालं!"

"समझ गया. दस करता हूँ. और एक महीने का बोनस. अब तो रुकेंगे?"

हर्षद बाहेर आला आणि त्यानं पुन्हा मयताचा चेहरा लावला. काल पोतंभर चणे होते, आज वर गूळ.

बोनस घेऊन देवाला तोंड न दाखवण्याइतका मात्र तो धीट नव्हता. गुरुवारी "मृण्मयीला ताप आहे" अशी थाप मारून तो तासभर लवकर निघाला. काचीगुडा नको, नारायणगुडा नको. त्यानं थेट नामपल्ली गाठली. तिथं एका गल्लीत दत्ताचं लहानसं देऊळ आहे, पलीकडे दर्गा, आणि दोघांच्या मध्ये एकच मिठाईवाला. गुरुवार दोघांचाही, त्यामुळे गर्दी अशी की ओळखीचा माणूस समोर आला तरी दिसू नये. हर्षदनं तोंडाला रुमाल बांधला होता आणि डोक्यावर मृण्मयीची टोपी होती.

"पाव किलो पेढे," तो रुमालातून म्हणाला.

"पाव किलो पेढे," शेजारचा हेल्मेटवालाही त्याच वेळी म्हणाला. आवाज ओळखीचा होता. हर्षदनं हेल्मेटच्या काचेतून आत डोकावलं. आतून विवेक बाहेर डोकावत होता.

"तुमच्या मुलीला ताप ना?" हेल्मेट म्हणालं.

"तुझ्याकडे पेट्रोलला पैसे नव्हते ना?" रुमाल म्हणाला.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "भय्या, हमारा कलाकंद बांधो, जल्दी, नियाज़ का है, दर्गे में चढ़ाना है." तो मोईनभाई. आणि त्याच्या पाठीशी दडून उभी असलेली बाई निसटायला वळली, ती चपलेतून पिन सुटल्यामुळे जागीच अडकली. तेजश्री.

मिठाईवाल्यानं चार डबे बांधून पुढं सरकवले, आणि चौघंही एकमेकांच्या हातांतल्या डब्यांकडे बघत उभे राहिले. पोलिसांनी एकाच घरात चार चोर पकडावेत, आणि चौघांनी एकमेकांना "तुम्ही इथं कसे?" म्हणावं, तसं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौघांनाही वाढ मिळाली होती. चौघांनाही "बोलना नक्को" सांगितलं होतं. विवेकनं लपवली, कारण त्याचा मेहुणा पैशाचा वास दोन कोसांवरून ओळखतो. तेजश्रीनं लपवली, कारण बोललं की दृष्ट लागते. मोईनभाईला वाटलं, कॉम्प्युटरची चूक आहे. आज ना उद्या परत मागतील, म्हणून तो त्यातला पैसाही खर्चणार नव्हता. कलाकंदसुद्धा जुन्या पगारातून.

"कितने?" मोईनभाईनं विचारलं.

"सहा," तेजश्री म्हणाली. "सहा," विवेक म्हणाला. "मेरे भी छे. हर्षदभाई, आपके?"

हर्षदनं रुमाल वर ओढला. "दहा. आणि बोनस."

विवेकनं हेल्मेट काढलं, एखाद्याची अंत्ययात्रा जाताना काढावं तसं.

"म्हणजे यादीत..." तो म्हणाला. यादीचा सिद्धांत हर्षदनंच त्याला शिकवला होता.

"सगळ्यात वर," हर्षद म्हणाला.

आणि इथं नशिबानं शेवटचा हात खेळला. देवळाच्या पायऱ्या उतरून हातात फुटलेला नारळ घेतलेले श्रीनिवास गारू समोर आले. आपली माणसं टिकावीत म्हणून ते तीन गुरुवार इथं येत होते. त्यांनी चौघांना पाहिलं, चार मिठाईचे डबे पाहिले, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"चारों को?" ते म्हणाले. "चारों को एकीच जगह लगी नौकरी? कौन सी कंपनी?"

"कौन सी नौकरी सर? आप निकालने वाले हैं ना हम को?" तेजश्री म्हणाली.

"मैं? निकालूँ? तुम लोगों को?"

नारळाची वाटी हातात तशीच धरून गारूंनी सांगितलं ते असं. परदेशात एक म्हातारा सर्जन आहे. तो बोलतो ते ओठ न उघडता, आणि बहुधा तोंडात सँडविच ठेवून. त्याचं बोलणं यंत्राला ऐकवलं तर यंत्रानं अर्ध्या तासानंतर लिहून दिलं, 'बाहेर पाऊस पडत आहे.' सगळ्या जगात त्याची भाषा कळणाऱ्या कानांच्या जोड्या चारच, आणि त्या या चौघांच्या. त्या हॉस्पिटलानं दोन वर्षांचं काम दिलं ते याच अटीवर, की हे चौघं पाहिजेत.

"इसलिए बढ़ाया. बढ़ाया तो तुम लोगां के मुँह उतर गए. मैं समझा, बाहर ज़्यादा मिल रहा."

सगळं पटण्यासारखं होतं. म्हणूनच हर्षदला ते पटेना. "और दो साल बाद, सर?"

गारूंनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्यापुढं केला.

हर्षदनं तो घेतला नाही. "मग एक करा सर. मला वाढवले ते वरचे चार हजार आणि बोनस काढा, आणि चौघांत सारखे वाटून टाका. चौघांचा आकडा एक. पैशापर्यंत एक."

"तुम्हारा नुकसान है उसमें, साब."

"असू दे." त्यानं आवाज खाली आणला आणि विवेकच्या कानात म्हणाला, "चारही माना एका उंचीला आणल्या, की सुरी धरणारा विचारात पडतो."

गारूंना वाटलं, ही युनियनची सुरुवात आहे. घाबरून त्यांनी तिथल्या तिथं मान हलवली. त्या संध्याकाळी चार डब्यांतली मिठाई दत्ताला गेली, दर्ग्यात गेली, आणि उरली ती पाचजणांनी पायरीवर बसून एकमेकांकडे बघत खाल्ली. प्रत्येकजण दुसऱ्यानं आधी तोंडात घातल्यावर.

शनिवारी नवी पत्रं आली. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणे चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली, आणि चौघांनी पत्रं टेबलावर उघडून शेजारी शेजारी ठेवली. विवेकचा आकडा, तेजश्रीचा आकडा, मोईनभाईचा आकडा. एक, एक, एक. हर्षदनं आपलं पत्र ठेवलं, आणि त्याचं बिस्किट चहात बुडून तळाला गेलं.

त्याचा आकडा एक रुपयानं जास्त होता.

"टायपायची चूक असेल," तेजश्री म्हणाली.

हर्षद केबिनमध्ये शिरला तो न विचारताच.

"शगुन है साब," गारू प्रेमानं म्हणाले. "आप लोगों में भी देते ना, एक सौ एक, पाँच सौ एक? मैं सोचा, घर के बड़े को एक रुपया ऊपर."

"परत घ्या."

"शगुन वापस नहीं लेते. अपशकुन होता."

हर्षद दारापर्यंत गेला आणि परत आला. मग एकदम त्याच्या डोळ्यांत चमक आली. "पर मैं बड़ा कहाँ हूँ सर? मोईनभाई मुझ से सात महीने बड़े हैं."

गारूंनी फाइल काढली. खरंच होतं. पत्र बदललं, रुपया मोईनभाईच्या नावावर गेला. हर्षद त्या दिवशी शीळ घालत घरी गेला. वंदनानं त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

सोमवारी मोईनभाई आला तो शाळेचा जुना दाखला लॅमिनेट करून. "हेडमास्टर साब ने भरती के वास्ते उमर बढ़ा के लिखी थी," त्यानं अल्लाची शपथ घेऊन सांगितलं. "असल में मैं सब से छोटा हूँ." मंगळवारी विवेकनं आईचं हातचं लिहिलेलं पत्र आणलं, की तो अधिक महिन्यात जन्मला, त्यामुळे त्याचं वय धरतच नाहीत. तेजश्रीला तर कुणी विचारायचं धाडसच केलं नाही.

शेवटी गारूंनी तो रुपया कुणाच्याच पगारात घातला नाही. चौघांचे आकडे बरोबर झाले, आणि शगुन मोडू नये म्हणून केबिनमध्ये बालाजीच्या तसबिरीपुढं ते दर एक तारखेला एक नाणं ठेवतात. नाण्यांची चवड आता दोन बोटं उंच झालीय. ऑफिसात तिला कुणी हात लावत नाही. झाडणारी बाईसुद्धा तिच्याभोवतीनं पुसते. पलीकडे म्हातारा सर्जन सँडविच चघळतोय, इकडे चार पेडलं खाली-वर होतायत.

आणि रोज सकाळी हर्षद जागेवर बसण्याआधी केबिनच्या दारातून एकदा आत डोकावतो, चवडीतला एखादा रुपया रातोरात आपल्या नावावर तर गेला नाही ना, हे पाहायला.