राजूवहिनीच्या पायातली डाकीण

चिंताकी गावातल्या आमच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बाजेवर राजूवहिनी, ओली बाळंतीण. तिचा डावा पाय मांडीपर्यंत सुजून पांढराफटक पडलेला. भगत धोंडप्पा त्यावरून ओला फडका फिरवी, तिथं तिथं रक्त उमटे. जखम नाही, ओरखडा नाही, तरी फडका लालभडक. बाया पदर तोंडाला लावून मागं सरत होत्या.

"डाकीण हाय. पायात बसून रगत पियालीय," धोंडप्पा म्हणाला. आता पाय कमरेपर्यंत पिळला की ती वरच्या वाटेनं निघून जाणार होती म्हणे. माझी माय, सत्यभामाबाई, हात जोडून उभी. नुसता वारा लागला तरी वहिनी कळवळत होती. मी सारखी आत-बाहेर करत होते. डॉक्टर आणायला गेलेल्या माझ्या भावाची, अंकुशदादाची, गाडी अजून दिसत नव्हती.

धोंडप्पानं बाह्या सारल्या, तेवढ्यात गाडी आली. औरादला फिरतीवर आलेल्या डॉक्टरीण सरस्वतीबाईंना दादानं आणलं होतं. त्यांनी पाय पाहिला, एकच सुजलाय का, पोटरी दुखते का, एवढंच विचारलं.

"या पायाला कुणी हात लावायचा नाही."

"तुमच्या गळ्यातल्या नळीत डाकीण ऐकू यायची न्हाई, अक्का," धोंडप्पा हसला.

बाईंनी मायची पानसुपारीची चंची मागितली. वहिनीला हळद-तेल लावून मायचे तळहात पिवळे झाले होते. त्यांवर बाईंनी चंचीतला चुना पाण्यात कालवून चोळला. तळहात लाल झाले.

"सत्यभामाबाई, तुमच्या हातात कोणती डाकीण शिरली?"

धोंडप्पाचा फडका चुन्याच्या निवळीत भिजवलेला होता. हळद आम्हीच लावली होती, सगळ्याच बाळंतिणींना लावतात तशी.

मग बाईंनी समजावलं. बाळंतपणात रक्त लवकर गोठतं, त्यात बाळंतीण बाजेवर पडून. क्वचित एखादीच्या पायाच्या शिरेत गुठळी धरते. पाय पिळला तर ती सुटून छातीत अडकते, अन् बाई बोलता बोलता जाते.

गर्दीतून शेजारच्या चंद्रभागाबाई पुढं आल्या. "माझ्या सुनंचा पायबी यानंच पिळला व्हता," त्या म्हणाल्या. "डाकीण गेली म्हणला. तवाच सून गेली."

धोंडप्पानं फडका उचलला, तो चंद्रभागाबाईंनी त्याच्या हातातून काढून घेतला.

पायाखाली उशा देऊन दादानं वहिनीला बीदरला, तिथून हैदराबादेला नेलं. रक्त गोठू न देणाऱ्या सुया तेव्हा नुकत्या आल्या होत्या. निजामाचं राज्य गेलं त्या साली वहिनी पुन्हा शेतात जाऊ लागली.

बायांनो, बाळंतिणीचा एक पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला, तर चोळू नका, दवाखाना गाठा. अन् कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर हे कसं केलं ते विचारायला लाजू नका. तेवढ्या विचारण्यानं एक जीव वाचतो.