वीतभर अंतर

'घरातला माणूस' हे प्रकरण चरित्रकार मोठ्यानं वाचत होता आणि ती वडिलांच्या तोंडाकडे पाहत होती. छपाईला जाण्याआधी घरच्यांना एकदा मजकूर ऐकवायचा, ही त्याची पद्धत. दिवाणखान्यात चौघंच होते: तो, ती, तिचा नवरा आणि तिचे वडील. नवऱ्याला सगळं जग हिरो म्हणायचं, म्हणून तीही म्हणायची. वडील फाइट मास्टर. पडद्यावरच्या मारामाऱ्या बसवण्यात त्यांची हयात गेली होती.

प्रकरणातला हिरो पहाटे उठून बायकोसाठी चहा करायचा, पार्ट्या टाळून घरी यायचा आणि झाडांशी बोलायचा. घरात झाड एकही नव्हतं.

"'त्या गाजलेल्या थपडेच्या दृश्यात नायिकेच्या जागी डमी म्हणून त्याची पत्नीच उभी होती,'" चरित्रकार वाचू लागला. "'मास्टरांचा इशारा क्षणभर उशिरा आला. तिनं मान वळवायच्या आत हात कानावर बसला. डावा कान कायमचा गेला. हिरो तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला.'"

यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं होतं. त्या दिवशी सेटवर तिला काहीच लागलं नव्हतं. दृश्य संपल्यावर दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाला होता, थप्पड खरी वाटली ती हिच्यामुळे. घरी आल्यावर हिरोनं दार लावलं आणि तिला मारलं. तळवा उघडा, किंचित खोलगट असेल आणि कानावर सपाट बसला, तर आतल्या नळीतली हवा दाबली जाऊन कानाचा पडदा फाटतो. त्याला फार ताकद लागत नाही. वडिलांना तिनं सांगितलं, टेकमध्ये लागलं. तिला वाटलं होतं, ते चार दिवस हळहळतील आणि विसरतील. त्यांनी काम सोडलं. मुलीचा कान आपल्या हातून गेला, असं ते तेव्हापासून धरून बसले होते.

सकाळीच ते पान हाती लागल्यावर तिनं स्वयंपाकघरात हिरोला म्हटलं होतं, "बाबांचं नाव काढ त्यातून."

"मग कुणाचं घालू? माझं?" तो हसला होता.

आता वाचन थांबलं, तसे मास्टर मान हलवत म्हणाले, "बरोबर लिहिलंय. चूक माझीच."

"बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं."

"बघितलंस?" हिरो चरित्रकाराला म्हणाला. "बापावर अजून किती जीव आहे. हे पण टाक."

"टाकतो ना, दादा. वहिनी, एक फोटो घेऊ? तीच थप्पड. मास्टर इशारा देतायत, तुम्ही दोघं समोरासमोर. पानभर येईल."

"कशाला?" ती म्हणाली. पण मास्टर उठलेसुद्धा होते. गुडघे कुरकुरत होते, आवाज मात्र एकदम सेटवरचा झाला होता.

"लेखक, नीट बघा. हात चेहऱ्याच्या वीतभर पुढून जाणार. मार खाणारा मान झटकतो, म्हणून बघणाऱ्याला थप्पड दिसते. आणि मार खाणाऱ्यानं हाताकडे बघायचंच नाही, खांद्याकडे बघायचं. अंग मोकळं. माझ्या सेटवर कुणाला कुणाचं बोट लागलेलं नाही. ते एकदा सोडून."

"सासरेबुवा, या वेळेला झोपू नका म्हणजे झालं," हिरो म्हणाला आणि त्यानं हात उचलला.

मास्टरांनी इशाऱ्यासाठी तोंडही उघडलं नव्हतं. तिचा डावा खांदा कानाशी गेला, हनुवटी छातीत रुतली, दोन्ही कोपरं पोटापुढे आली. डोळे घट्ट मिटले. एवढं सगळं एका श्वासात झालं, तिला न विचारता.

हिरोचा हात हवेतच राहिला. चरित्रकारानं फोटो घेतला नाही.

"हे कुठं शिकलीस?" मास्टरांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"पोट झाकलंस. थपडेला पोट कोण झाकतं?" ते जवळ आले. "मी तुला डोळे उघडे ठेवायला शिकवलं होतं. पोरी, हे कुणी शिकवलं तुला?"

त्यांनी हिरोकडे पाहिलं.

"मास्टर, उगाच राईचा पर्वत…"

मास्टरांनी ठोसा मारला. जीव घेण्यासाठीच मारला. पण जन्मभर त्या हातानं मारताना कुणाला स्पर्श केला नव्हता. मूठ हिरोच्या जबड्यापुढून वीतभर अंतरानं निघून गेली. आणि हिरोनंही जन्मभर असेच न लागलेले ठोसे खाल्लेले. त्याची मान झटक्यात मागे गेली, पाय उचलले गेले आणि न लागलेल्या ठोशानं तो पाठमोरा ट्रॉफ्यांच्या कपाटावर जाऊन आदळला. काच फुटली. ती मात्र खरी होती.

तो उठला तेव्हा मानेवरून रक्त शर्टात उतरत होतं. हाताला आलेली ट्रॉफी उचलून त्यानं मास्टरांच्या कपाळावर घातली. हे अंतर राखून नव्हतं. म्हातारा भिंतीला घासत खाली गेला. हिरोनं ट्रॉफी पुन्हा उचलली.

तिनं मागून त्याच्या गुडघ्याच्या खाचेत लाथ घातली. तो पालथा पडला. ट्रॉफीचा हात काचांत पसरला, तसा तिनं मनगटावर चपलेचा पाय ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"बाबांना सांग."

"पाय काढ! वेडी झालीस का?"

"सांग त्यांना." तिनं टाच वळवली. त्याच्या तळव्याखाली काच करकरली.

"मी! मीच मारलं! घरी मारलं! झालं? काढ आता!"

"ऐकलं मी," मास्टर म्हणाले. भुवईतून रक्त डोळ्यात जात होतं. "बास. काढ पाय."

तिनं काढला नाही. त्याच्या बोटांमधून रक्त बाहेर येताना तिला दिसत होतं, आणि आणखी दाबावंसं वाटत होतं. तिनं दाबलं. मनगटात काहीतरी तुटलं. उजव्या कानानं तिनं तो आवाज स्पष्ट ऐकला. हिरो गुरासारखा ओरडला. मास्टरांनी मागून तिच्या कमरेला मिठी घातली आणि तिला ओढून बाजूला केलं, तेव्हा कुठं पाय उचलला गेला.

चरित्रकार दाराला पाठ लावून उभा होता. "वहिनी, हे असलं कुणी छापणार नाही हो."

"छापू नका. बाबांचं नाव काढा."

"मग कान कसा गेला म्हणू?"

"डॉक्टरला फोन कर, गाढवा!" हिरो जमिनीवरून किंचाळला. "लिही, सराव करताना पडलो!"

चरित्रकारानं फोन काढला. ती वडिलांपाशी बसली आणि ओढणीचा बोळा करून त्यांच्या भुवईवर दाबून धरला. त्यांनी तिचं मनगट पकडलं.

"म्हणजे त्या दिवशी माझा इशारा…"

"वेळेवर होता, बाबा."

"वेळेवर होता?"

"अगदी वेळेवर."

मास्टरांनी तिच्या डाव्या कानावर हात ठेवला, आणि हिरोच्या ओरडण्याकडे लक्ष न देता ते मोठ्यानं रडू लागले.