टेबलाखालचं वादळ

मी एक जुना कवितासंग्रह आहे, मित्रांनो. माझा कवी कधीच वारला. त्याला साधा वारा ठाऊकच नव्हता, नेहमी वादळच! माझं पान उघडलं की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे उडायचे. खोटं वाटत असेल तर त्या कपड्यांना विचारा.

रद्दीतून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं उचललं. दिवसभर ती शर्ट शिवायची आणि संध्याकाळी त्याच डुगडुगत्या टेबलावर कविता लिहायची. तिची एक रीत होती. डोळे मिटून मला मधोमध उघडायचं, बोट ठेवायचं आणि बोटाखाली येईल त्या शब्दानं सुरुवात करायची. कधी चंद्र, कधी दरी, कधी हुंदका. मी असा फुगलो की माझी शिवण उसवली. तिनं ती शर्टाच्या दोऱ्यानं घातली. मात्र ‘मनात असेल तेच लिहावं’ हे कवीनं पहिल्याच पानावर सांगितलं होतं. तिथं तिचं बोट कधी पोचलं नाही.

मग तिची आई गेली. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिनं आईवर लिहायला घेतलं. बोट पडलं वादळावर.

तिच्या ताईनं कागद वाचला. “आभाळ फाटलं? कुठं गं? त्या दिवशी तर लख्ख ऊन होतं.”

“कवितेत चालतं, ताई.”

“तू आईचं दुधाचं करपलेलं पातेलं घासत होतीस. मी हाका मारतेय आणि तुझं आपलं खसाखसा चालूच!”

“मला रडूच येईना गं. अजून येत नाही. आईसाठी एवढं एक तरी खरं लिहावं म्हटलं...”

“मग या बाबाचं वादळ कशाला आणलंस उसनं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मला उचललं आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. टेबल पहिल्यांदाच स्थिर झालं.

मला राग यायला हवा होता. काहीच वाटलं नाही. पाठ बधिर झाली, पानं चिकटली, वादळं आतल्या आत निजली. वर पेन चालत होतं. मग तिनं वाचलं, “आई गेली. मी पातेलं घासत राहिले. ते स्वच्छ निघालं.”

ताई उठून आत गेली आणि फळीवरचं ते स्वच्छ पातेलं काढून पुन्हा घासत बसली.

मित्रांनो, पुस्तकं जपा. पानं दुमडू नका. पण टेबल डुगडुगत असेल तर लाजू नका, आम्हाला खुशाल खाली घाला. तिच्या ओळींत आता माझ्या कवीचा एकही शब्द नसतो. फक्त ती लिहायला टेकली की सगळा भार माझ्यावर येतो, आणि मी हलत नाही.