पुदिन्याची जाळी

मित्रांनो, माळ्यावरच्या खोलीत चार दोऱ्यांनी टांगलेली लाकडी चौकट आणि तिच्यात ताणून बसवलेली बारीक जाळी दिसते ना, ती मी. वय झाले माझे, पण अजून सांधे धड आहेत. एका सुताराने मोडक्या खिडकीच्या लाकडातून मला घडवले, तो हात चांगला होता.

या घरातल्या दोघी जावा औषधासाठी पुदिना वाळवून देतात. पूर्वी हे काम एकट्या थोरलीचे होते. दव ओसरले की ती पुदिना खुडून आणी आणि पाने माझ्यावर एकेरी पसरी. खिडक्या उघड्या, पण ऊन आत येऊ द्यायचे नाही. सकाळ-संध्याकाळ हलक्या हाताने पाने उलटायची. चार-पाच दिवसांनी पान चुरचुर वाजू लागले की बरणीत भरायचे. औषध बनवणाऱ्या वैद्यबाई बरणी उघडून डोळे मिटत आणि मान डोलावत. ती शाबासकी मला माझीच वाटे.

एका दमट आठवड्यात मात्र माझ्यावरच्या पानांना बुरशी लागली. सगळा माल फेकावा लागला. खोटे कशाला बोलू, हवाच ओली असली की माझे काही चालत नाही. म्हणून धाकटीने वाळवणीचे विजेचे कपाट आणले. पाच दिवसांचे काम चार तासांत होऊ लागले आणि माझी रवानगी दाराआड झाली. माझ्यावर आधी कांदे आले, मग ओल्या चपला. एका कोपऱ्यात मी फाटलेही.

एके दिवशी वैद्यबाई स्वतः बरणी परत घेऊन आल्या. पाने हिरवी होती, कडकडीत होती, पण चुरगळली तरी वास नव्हता.

"नुसत्या रंगानं औषध होत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. पुढची खेप अशीच आली तर त्या दुसरीकडून माल घेणार होत्या.

धाकटीचा चेहरा उतरला. थोरली 'मी सांगत होते' असे चुकूनही म्हणाली नाही. तिने मला बाहेर काढून धुतले. धाकटीने फाटका कोपरा तारेने शिवला. मग एकाच वाफ्यातल्या पुदिन्याचे त्यांनी चार वाटे केले. उन्हातला पिवळा पडला. कपाटातला कडक आचेवरचा गवतासारखा झाला, मंद आचेवरचा मात्र सुवासिक निघाला. माझ्यावरचा पाचव्या दिवशी तयार झाला. धाकटीने ओंजळ नाकाशी नेली आणि तो दरवळ पुन्हा पुन्हा हुंगला.

"ताई, मी घड्याळच बघत राहिले. पानाकडे बघायचं राहूनच गेलं."

"आणि मी बुरशी येईपर्यंत जाळीच धरून बसले होते," थोरली म्हणाली. "आता दोन्ही ठेवू."

पुढची खेप वैद्यबाईंनी वास घेऊन ठेवून घेतली. तेव्हापासून कोरड्या हवेत मी आणि दमट दिवसांत मंद आचेवरचे कपाट, अशी आमची वाटणी आहे.

मित्रांनो, औषधी पाने वाळवाल तेव्हा घाई करू नका. त्यांचा गुण जपा. आणि जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा धुऊन, शिवून बघा. मला तसे हात मिळाले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आज सकाळीच दोघींनी माझ्यावर ताजा पुदिना पसरला आहे. अंगभर गारवा आहे. आणखी काय हवे?