आत्याचे पाच गुण

२००४ साली, होळीच्या दुसऱ्या दिवशी, दिगंबरनं कॅलेंडरवरून फेब्रुवारीचं पान फाडलं, फरशीवर उलटं पसरलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं स्वतःला मांडायला सुरुवात केली.

"शिक्षण, वीस. वय, दहा. नोकरीची वर्षं, एकवीस. इंग्रजी, आठ." पेन्सिल त्यानं बायकोकडे रोखली. "शारदा, चार."

"मी फक्त चार?" शारदा हरभरे निवडत होती, ती थांबली.

"बी.ए.चे चारच मिळतात. एम.ए. असतीस तर पाच."

"लग्नाची घाई कुणाला होती?"

"आणि माझे किती रे?" आशाबाईंनी चुलीजवळून विचारलं.

"आईचे काही नसतात."

"वा! जन्म दिला त्याचं शून्य, आणि हिनं पोळ्या करपवल्या त्याचे चार."

बुरहानपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळे हसले. सुकलाल मात्र दाराजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. पान न हलवता ते म्हणाले, "त्रेसष्ट."

"सदुसष्ट लागतात, बाबा."

कॅनडाच्या सरकारचा हिशेब सरळ होता. कायमचं राहायला यायचं असेल तर तुम्ही कोण, कुठले, कुणाच्या ओळखीचे हे ते विचारत नसत. शंभर गुणांची परीक्षा होती आणि पास व्हायला सदुसष्ट लागत. दिगंबर एकतीस वर्षांचा होता. लालबागेजवळच्या कारखान्यात ठिबक सिंचनाच्या नळ्या बनत आणि तिथल्या प्रत्येक यंत्राचा आवाज त्याला ओळखता येई. आठ वर्षं तो त्याच टेबलापाशी बसत होता. त्याच्या वरची खुर्ची मालकाच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली होती. भाचा सध्या नववीत होता.

इंग्रजीची परीक्षा त्यानं इंदूरला जाऊन दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा आठच मिळाले होते. तिकडची नोकरी हातात असती तर आणखी दहा मिळाले असते. पण नोकरी मिळायला तिथं असावं लागे, आणि तिथं जायलाच तर ही सगळी खटपट चालली होती.

"अजून एक खाना आहे," दिगंबर म्हणाला. त्याचा आवाज उतरला. "जवळचं नातेवाईक तिथं राहत असेल तर पाच. आईबाप, भाऊ, बहीण." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "आत्यापण चालते."

शारदानं सूप खाली ठेवलं. सुकलालनी वर्तमानपत्राची घडी केली, त्या घडीची आणखी एक घडी केली आणि ते पाय धुवायला मोरीवर गेले. पाय स्वच्छच होते.

मालूबाई सुकलालची धाकटी बहीण, दिगंबरची आत्या, बरीच वर्षं कॅनडात होती. आधी ती इंदूरच्या दवाखान्यात नर्स होती. १९७२च्या ऑगस्टमध्ये तिनं तिथल्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका केरळी ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं आणि घरी पत्र टाकलं. ते पत्र वाचून सुकलाल राजघाटावर गेले. तापीला पूर होता, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलेलं. वरच्याच पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी बहिणीच्या नावानं आंघोळ केली, जशी मेलेल्या माणसाच्या नावानं करतात. नदीत उभं राहून मोठ्यानं म्हणाले, आजपासून मला बहीण नाही.

सुकलाल अर्जनवीस होते. तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज आणि शपथपत्रं लिहून देत. त्यामुळे नदीवरचं काम त्यांनी कागदावरही पुरं केलं. रेशनकार्डातून मालूचं नाव कमी करण्याचा अर्ज लिहिला आणि कारणाच्या जागी टाइप केलं, 'मृत्यु'.

पुढच्या वर्षी दिगंबर जन्मला. बाराव्या दिवशी पाळणा सजला, पण बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या नव्हती. शेजारच्या वंदनाबाईंनी ती वेळ निभावून नेली. बुरहानपुरात उसनी आत्या फारशी कुणाच्या वाट्याला येत नाही.

"एक शपथपत्र लागेल, बाबा," सुकलाल मोरीवरून आल्यावर दिगंबर म्हणाला. "ती तुमची सख्खी बहीण आहे, एवढंच. बाकी कागद तिकडून येतील."

"चाळीस वर्षं मी शपथपत्रं लिहिली. खोटं सांगणारा आला की त्याला उठवून लावला. उपाशी राहिलो, पण खोटी ओळ टाइप केली नाही. खरं की नाही?"

"खरं."

"तापीत उभं राहून मी सांगितलं की ती नाही. आता स्टँपवर लिहू की ती आहे? मग खोटी कोण? नदी की कागद?"

"बाबा, वो सब पुराना हो गया."

"शपथ जुनी होत नाही."

"मग माझे चार पॉइंट कुठून आणू?"

सुकलालनी ते कॅलेंडरचं पान जमिनीवरून उचललं, नीट गुंडाळलं आणि टाइपरायटरच्या झाकणाखाली ठेवलं. आशाबाईंनी ते पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना एक कळलं होतं. हा माणूस नको असलेला कागद फाडून टाकतो आणि हवा असलेला झाकून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आशाबाईंनी खकनार गावाला निरोप धाडला.

गोदाबाई शुक्रवारच्या बसनं आल्या. ब्याऐंशी वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, हातात पिशवी. सुकलाल आणि मालू दोघांची ही आत्या. दोघांच्याही कानात नाव हिनंच सांगितलं होतं. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि पाकिटातून एक फोटो. जाड कोट घातलेली, पिकल्या केसांची बाई गुडघाभर बर्फात उभी होती आणि ऊन डोळ्यांवर आल्यासारखी हसत होती.

"दर दिवाळीले चिठ्ठी येते तिची," गोदाबाई म्हणाल्या. "पोस्टमन वाचून दाखवते. पैले तोच रडते, मंग मी."

सुकलालनी फोटो हातात घेतला नाही, पण चष्मा लावला.

"आत्या, तू तिच्या नावानं आंघोळ नव्हती केलीस?"

"माले सर्दी व्हती."

"बत्तीस वर्षं?"

"म्हाताऱ्या मानसाची सर्दी लवकर जात नाही, सुक्या."

शारदा तोंडाला पदर लावून आत पळाली. सुकलालच्या मिशा हलल्या, पण ते पुन्हा गंभीर झाले. नदीचं आणि कागदाचं कोडं त्यांनी आत्यापुढेही मांडलं. गोदाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"आमच्या खकनारात कडू नावाचा मानूस व्हता," त्या म्हणाल्या. "तापीच्या पुरात वाहून गेला. पाच वर्षं वाट पाहिली, मंग घरच्यांनी दहावा-तेरावा केला. अन एक दिवस तो बैलगाडीतून उतरला. पार सुरतेले लागला व्हता म्हने. आता काय करता? त्याचं तर सुतक फिटलेलं! पंगतीत कोनी जवळ बसू देईना. बायको दारात उभी, पन ‘या’ म्हनेना."

"मग?"

"मंग जुन्या मानसांनी रीत सांगितली. गेलेला मानूस गेलाच. हा नव्यानं जन्मला. पाळना बांधा, बारसं करा, घुगऱ्या वाटा. चाळीस वर्षांचा बाप्या पाळन्याची दोरी धरून बसला व्हता. त्याच्या आत्यानं नाव ठेवलं. कडूच ठेवलं. दुसरं कायले शोधायचं?"

सुकलाल खुर्चीत पुढे सरकले. कचेरीबाहेर गिऱ्हाईक समोर बसल्यावर ते असेच सरकत.

"याला साक्षीदार?"

"मी हाये ना. मीच घुगऱ्या शिजवल्या."

"पुढे कुणी हरकत घेतली?"

"त्याचे नातू आता केळीच्या गाड्या भरतात. जाय, इच्यार त्यायले."

"बारसं बाराव्या दिवशीच करावं लागलं?"

"आल्याचा दिवस पैला धरला, सुक्या."

सुकलालनी बोटांवर काही मोजलं. मग त्यांनी तो फोटो उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. "हा कधी आला?"

"चिठ्ठी दिवाळीची, पन आली आता. पोस्टमननं परवाच्या बुधवारी दिली."

"मग बारावा दिवस पुढचा रविवार," सुकलाल म्हणाले.

पाळणा वंदनाबाईंकडून आणला. त्याच पाळण्यात एकतीस वर्षांपूर्वी दिगंबर झोपला होता. गल्लीतल्या दहा-बारा बायका दुपारीच जमल्या. काहींना वाटलं शारदालाच बाळ झालं, त्या झबली घेऊन आल्या. पाळण्यात मऊ धोतराची घडी होती आणि घडीवर तो बर्फातला फोटो.

"अगं बाई, बाळाचे केस पिकलेत!" कुणीतरी म्हणालं.

"आणि एवढ्या थंडीत न्हाऊ कसं घालायचं?" वंदनाबाईंनी विचारलं. बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. दिगंबरला वाटलं बाबा चिडतील. पण सुकलाल पांढरी टोपी घालून उंबऱ्याशी बसले होते, एखाद्या निकालाला बसावं तसे.

वरवंटा या हातातून त्या हातात फिरला. गोदाबाई पाळण्यावर वाकल्या. वाकायला त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत. फोटोजवळ तोंड नेऊन त्यांनी "कुर्रर्र" केलं, आणि रिवाजाप्रमाणे आशाबाईंनी त्यांच्या पाठीत हलकेच बुक्का मारला.

"जोरात मार," गोदाबाई म्हणाल्या, "मी नाही मेली अजून."

बायकांनी हात सोडला. बुक्क्यांच्या त्या गलक्यात गोदाबाईंनी नाव सांगितलं. सुकलालचे ओठ त्यांच्याबरोबर हलले.

घुगऱ्यांची वाटी शारदानं सर्वांत आधी सासऱ्यांपुढे धरली. दिगंबरच्या बारशाला सुकलालनी घुगऱ्या खाल्ल्या नव्हत्या, हे आशाबाई सोडून कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी वाटी रिकामी केली, हात धुतले, टाइपरायटरवरचं झाकण काढलं आणि स्टँपपेपर चढवला. अर्ज लिहिताना त्यांची भाषा कचेरीची, हिंदीच असे. दोन बोटांनी टाइप करत ते प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत गेले.

"मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि मालूबाई, आत्मजा देवराम महाजन, मेरी सगी बहन है." मग त्यांनी पुढचं टाइप केलं. "तथा जीवित है."

खाली सही केली. कॅलेंडरचं पान काढून शेवटच्या खान्यात स्वतःच्या हातानं पाच लिहिले आणि बेरीज केली.

"अडुसष्ट. एक उरला."

"तो आईचा धरा," आशाबाई म्हणाल्या.

सगळे कागद गेले. मग दिल्लीतल्या कॅनडाच्या कचेरीत त्यांचा नंबर यायला चार वर्षं लागली.

२००४च्याच उन्हाळ्यात मालूबाईंचा फोन आला. सुकलालनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरला. मग विचारलं, "तिकडे केळी मिळतात का गं?"

"मिळतात, दादा. पण हिरवीच विकतात. घरी आणायची आणि वाट बघायची."

"बघावी लागते," सुकलाल म्हणाले. त्या दिवशी तेवढंच झालं. पुढे दर रविवारी फोन येऊ लागला.

गोदाबाई २००६च्या पौषात गेल्या, झोपेत. त्यांच्या उशाखाली चौतीस चिठ्ठ्या निघाल्या. पोस्टमन दहाव्याला आला आणि घरच्यांच्या रांगेत बसला.

दिगंबर आणि शारदा २००८च्या मे महिन्यात टोरांटोला उतरले. विमानतळावर एक ठेंगणी बाई हाती पाटी न धरता उभी होती. दिगंबर पाया पडायला वाकला तशी तिनं त्याचं डोकं तिथंच दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. शारदाला आधी काही कळलं नाही. मग "कुर्रर्र" ऐकू आलं. तिनं बॅग खाली टाकली आणि आत्याबाईंच्या जाड कोटावर बुक्का मारला, चांगला जोरात. दिगंबर पस्तीस वर्षांचा होता. आता तो हॅमिल्टनला पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात मुख्य इंजिनियर आहे. शारदानं तिथं एम.ए. पुरं केलं. आता त्या पाचव्या गुणाला कुणी विचारत नाही, तरी केलं.

आशाबाई अजून सिंधीपुऱ्यातच असतात. त्या पाळण्यात वंदनाबाईंची दोन नातवंडं झोपून गेली.

सुकलाल २०१३ साली गेले. त्याच्या तीन वर्षं आधी, माघात, मालूबाई बुरहानपूरला आल्या होत्या. अडतीस वर्षांनी. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाला, चल, आणि दोघं रिक्षानं राजघाटावर गेले. तापी पार खाली गेली होती. पायऱ्यांवर बायका गोधड्या वाळत घालत होत्या.

मालूबाई वरच्या पायरीवर थांबल्या. "तेव्हा कितवी पायरी होती, दादा?"

सुकलाल काठी टेकत चार पायऱ्या उतरले आणि पाचवीवर काठी ठेवली. पाणी तिथून तीस-चाळीस पायऱ्या खाली होतं. दगड उन्हानं तापलेला, कोरडा ठणठणीत.

मालूबाई उतरल्या. हातानं धूळ झटकली आणि त्या पायरीवर बसल्या. मग थोडं सरकून शेजारची जागाही झटकली.

"बस ना," त्या म्हणाल्या. "उभा किती वेळ राहशील?"