शिवणातली माया

मी सलाईनचा स्टँड बोलतोय. बोलतोय कसला, जळतोय! तेही कुणावर, तर टिकलीएवढ्या एका गोळीवर.

कॅन्सर वॉर्डात खिडकीपाशी माझी जागा. शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या तेव्हा फुप्फुसात गाठ, खोकून बेजार. जन्मात कधी विडीला हात लावला नव्हता बाईंनी. गाठीच्या तुकड्याची तपासणी चालू होती, तोवर केमो माझ्याच खांद्यावरून थेंबथेंब उतरली. एकदा गळ्यातली टेप मला लावून म्हणाल्या, "उंच्या, तुला सदरा शिवायचा तर कापडाचा अख्खा ताका लागेल रे!" मला नावं ठेवणारे पुष्कळ, पण नाव कुणी ठेवलं नव्हतं.

मग रिपोर्ट आला.

"तुमच्या गाठीतल्या एका जनुकात बदल सापडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नेमका त्यालाच अडवणारी गोळी आहे. रोज एक, घरीच."

"म्हणजे केमो रेडिमेड, आणि ही मापाची?"

"अगदी! ज्यांच्यात तो बदल आहे त्यांनाच बसते. गाठ कायमची जाईल असं नाही म्हणत, पण दबून राहील."

काकू माझ्याकडे न बघताच गेल्या. मेली ती टिकली! ना तासन्‌तास उभं राहायचं, ना चाकं झिजवायची, आणि कौतुक सगळं तिचं. मी मनात म्हटलं, याल, काकू, माझ्याकडेच याल.

तीन महिन्यांनी आल्या. खोकत. सांगायला लाज वाटते, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सोबत आलेल्या लेकीने पिशवीतून गोळ्यांची डबी काढली. निम्म्या गोळ्या तशाच.

"दिवसाआड घेत होते," काकू पुटपुटल्या. "शिवणात आम्ही माया सोडतो ना, पुढे उसवून वाढवायला? तशा थोड्या मागे ठेवल्या."

"अगं आई, हे काय ब्लाउज आहे?" लेक रडायलाच लागली.

"इथे माया सोडायची नाही, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज, ठरल्या वेळी. नीट घेऊन पुन्हा स्कॅन करू. उतार नाही पडला, तर परत केमो."

अशक्तपणासाठी सलाईन लावायला सिस्टरनी मला जवळ ओढलं. काकूंनी मला धरलं. हाताच्या नुसत्या काड्या झालेल्या. "उंच्या, आलेच बघ तुझ्या गळ्यात पडायला," म्हणाल्या, आणि हसता हसता ढास लागली. माझी सगळी हौस तिथेच फिटली.

पुढचा स्कॅन चांगला आला, असं सिस्टर सांगत होत्या. काकू वॉर्डात फिरकल्याही नाहीत.

जळतो मी अजून, का नाही जळणार? पण काकू, ती टिकली रोज घ्या. माझ्यासाठी माया शिल्लक ठेवू नका.