भोक पाडलेला वाडगा

वाडग्याच्या बुडाला भोक होतं, करंगळी जाईल एवढं, आणि त्यातून खालची जमीन दिसत होती... तीच, जिच्याखाली निकतेचं पोर पुरलं होतं. सकाळीच तिने ते भोक गारगोटीच्या टोकाने पाडलं. मेलेल्याच्या तोंडावर त्याचाच वाडगा उपडा घालायचा, आणि त्याआधी भोक पाडून वाडग्याचाही जीव सोडायचा. हे आईने शिकवलेलं. नवरा तटावर पडला, अशी खबर शेजारीण देऊन गेली होती. प्रेत घरी येईपर्यंत थांबायचं असतं. ती थांबली नाही.

आणि आता तोच नवरा, तोक, समोर बसला होता, धडधाकट, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला.

त्याला पाहताच तिला आनंद झाला होता, नाही कसं म्हणायचं? मग तो बोलू लागला. शत्रूची मुख्य फौज दोन दिवसांवर आहे, राजा केव्हाच पळाला, तळ्यात चिखल उरलाय, आज संध्याकाळीच निघायचं. तटाला फट एकच — तोच तट, आजोबांनी घाम गाळून उभारलेलं देऊळ उकलून रचलेला, देवांची तोंडं मातीत दाबून — आणि त्या फटीवर पहारा होता. निकतेच्या भावाचा.

"इत्सामदादा सोडेल," ती म्हणाली.

"नाही सोडलं त्यानं. भाला रोखला माझ्यावर." तोक हातांकडे बघत राहिला. "दगड घातला मी त्याच्या डोक्यात. पहिल्यानं पडला नाही. मग पुन्हा घातला... आता वाट मोकळी आहे."

लहानपणी दादा तिला खांद्यावर घेऊन त्या देवळाच्या पायऱ्या चढायचा, वर पोचला की म्हणायचा, बघ, आपलं गाव कुठं संपतच नाही — त्या खांद्यांच्या वर आता काय उरलं असेल? सकाळी वाडग्याचा जीव मी सोडला. सुटलेला जीव रिकाम्या हाताने थोडाच जातो! ह्याच्या नावाने सोडला, आणि गेला दादाकडे. मारलं ह्याने, पण दार मी उघडलं.

"भूक लागलीय गं," तोक म्हणाला. "दे काहीतरी. मग निघू."

घरात वाडगा तेवढाच उरला होता. तिने भोकाखाली तळहात धरला आणि चुलीवरची मक्याची पेज ओतली. पेज तिच्या बोटांतून गळू लागली, कातडी भाजू लागली. तिने हात काढला नाही.

"हात पोळतोय तुझा."

"प्या तुम्ही."

तो वाकून अधाशासारखा पिऊ लागला. घोटागणिक त्याच्या गळ्याची शीर उडत होती. गारगोटीचं टोक तिच्या उजव्या गुडघ्यापाशीच पडलं होतं, आणि उजवा हात मोकळा होता. बाहेर शेजारीण मुलांना हाका मारून गाठोडी बांधत होती. सगळे निघाले होते... पोराला इथं एकटं टाकून ह्याच्या मागोमाग आपण जाणार का, ते तिला कळेना. डावा हात जळत होता, आणि हा जिवंत आहे ह्याचा मघाचा आनंद मेल्याहून मेल्यासारखा होऊनही अजून तिच्या आत धुगधुगत होता. त्या आनंदाचीच तिला सर्वांत जास्त चीड आली.